गोळी सोडलेल्या बायका : गर्भनिरोधक गोळीच्या दुष्परिणामांचा इतिहास

गर्भनिरोधक गोळीचा इतिहास बहुधा प्रयोगशाळेतून सांगितला जातो आणि त्यात शास्त्रज्ञ, देणगीदार आणि औषध कंपन्या ही मुख्य पात्रे असतात. ही गोळी ज्यांनी प्रत्यक्ष गिळली, त्यांतल्या कित्येकींनी ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सोडून दिली आणि सोडताना मळमळ, डोकेदुखी, पाळीशिवाय मध्येच अंगावर जाणे, पायाला येणारी सूज अशी कारणे सांगितली, याचा उल्लेख त्या इतिहासात आला तरी ओझरताच येतो. वास्तविक गोळीचे आजचे स्वरूप, तिच्यातील संप्रेरकांचे कमी केलेले प्रमाण आणि पाकिटासोबत येणारे माहितीपत्रक या तिन्ही गोष्टी ज्या तक्रारींतून घडल्या, त्या तक्रारी प्रथम याच बायकांनी केल्या होत्या. त्या काळच्या संशोधनाने त्यांना ‘चाचणीतून गळालेल्या’ म्हणून बाजूला काढले असले, तरी पुढच्या वैद्यकाला उपयोगी पडलेली साक्ष त्यांचीच होती.

हा इतिहास समजून घेण्यासाठी गोळीचे कार्य थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. संप्रेरके म्हणजे शरीरातील ग्रंथींतून रक्तात मिसळणारी आणि दूरच्या अवयवांना कामाची सूचना देणारी रसायने. स्त्रीच्या बीजकोशातून दर महिन्याला एक स्त्रीबीज बाहेर पडते, त्याला बीजोत्सर्ग म्हणतात. गर्भ राहिल्यानंतर प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन या दोन संप्रेरकांचे प्रमाण वाढलेले राहते आणि नवा बीजोत्सर्ग थांबतो. प्रयोगशाळेत तयार केलेली, तोंडावाटे घेता येणारी तशीच संप्रेरके रोज दिली तर गर्भ नसतानाही बीजोत्सर्ग थांबवता येतो, हे गोळीमागचे तत्त्व आहे. गोळी सुरू केल्यावर अनेकींना दिवस गेल्यासारखी मळमळ होते, छाती जड होते आणि अन्नावरची वासना जाते, यात म्हणूनच नवल नाही. ज्या रसायनांमुळे गर्भ टळतो, त्याच रसायनांचे हे परिणाम आहेत. प्रमाण वाढले की तेही वाढतात. ही गोष्ट आज साधी वाटते, पण ती मान्य होण्यास जवळजवळ पंधरा वर्षे लागली.

गोळीच्या शोधामागे अमेरिकेतील चार व्यक्ती होत्या. मार्गारेट सँगर या संततिनियमनाच्या चळवळीच्या अग्रणी, कॅथरीन मॅककॉर्मिक या त्यांच्या श्रीमंत सहकारी, ग्रेगरी पिंकस हे मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर फाउंडेशन या संस्थेत काम करणारे जीवशास्त्रज्ञ आणि जॉन रॉक हे बॉस्टनचे प्रसिद्ध स्त्रीरोगतज्ज्ञ. सँगर १९५२ च्या नोव्हेंबरात मुंबईत होत्या. धनवंती रामा राव यांच्या पुढाकाराने तेथे नियोजित मातृत्वाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातूनच आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघाची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी मॅककॉर्मिक यांनी पिंकस यांच्या संशोधनासाठी पैसा पुरवण्यास सुरुवात केली. सँगर यांना हवे होते ते स्वस्त, पुरुषाच्या सहकार्यावर अवलंबून नसलेले आणि स्त्रीच्या एकटीच्या हातात राहणारे साधन. या इच्छेमागे त्यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत परिचारिका म्हणून पाहिलेली बाळंतपणे आणि गर्भपात होते. ही इच्छा खरी होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तिच्या पूर्तीसाठी ज्या स्त्रियांच्या शरीरावर प्रयोग झाले, त्या स्त्रियांना किती विचारले गेले, हा प्रश्न मात्र तितकाच खरा आहे.

मॅसॅच्युसेट्समध्ये गर्भनिरोधक साधने देण्यास कायद्याची बंदी होती. त्यामुळे १९५४ मध्ये रॉक यांनी पहिली चाचणी मूल होत नसलेल्या आपल्या रुग्ण स्त्रियांवर, वंध्यत्वावरील उपचाराचा भाग म्हणून घेतली. मोठ्या चाचणीसाठी दुसरी जागा शोधणे भाग होते आणि ती जागा म्हणून कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातील बेट निवडले गेले. तेथे १९३७ पासून संततिनियमन कायदेशीर होते, कुटुंबनियोजनाची केंद्रे होती, लोकवस्ती दाट आणि गरीब होती. कमी शिकलेल्या बाईला ही गोळी रोज न चुकता घेणे जमले तर ते कोणालाही जमेल, असाही हिशेब त्यामागे होता. आधी तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींवर लहान चाचणी करून पाहण्यात आली. रोज तापमान घेणे, लघवी गोळा करणे आणि इतर तपासण्या यांच्या जाचाला कंटाळून बऱ्याच विद्यार्थिनींनी अंग काढून घेतले आणि तो प्रयत्न फसला. गोळीच्या इतिहासातील सोडून जाणाऱ्या बायकांमध्ये या विद्यार्थिनींचा क्रम आधीचा लागतो. फरक इतकाच की शिक्षणामुळे त्यांना नाही म्हणणे थोडे सोपे होते.

एप्रिल १९५६ मध्ये सान हुआन शहरालगतच्या रिओ पिएद्रास येथील नव्या घरकुल वसाहतीत खरी चाचणी सुरू झाली. झोपडपट्टी हटवून बांधलेल्या या इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांची यादी हाताशी होती आणि ती इतक्यात दुसरीकडे जाण्याची शक्यता नव्हती, हे चाचणीच्या दृष्टीने सोयीचे होते. चाळीस वर्षांच्या आतील, किमान दोन मुले असलेल्या स्त्रिया निवडण्यात आल्या. कार्यकर्त्या घरोघर जाऊन गोळ्या देत, पण हे औषध अजून तपासले जात आहे, त्याचे परिणाम पूर्ण माहीत नाहीत, असे त्या स्त्रियांना सांगितले गेले नाही. गोळीने मूल राहत नाही, एवढेच त्यांना कळले. तरीही स्त्रिया मोठ्या संख्येने पुढे आल्या, कारण त्या बेटावर गर्भधारणा टाळण्याचा दुसरा सर्वांत प्रचलित मार्ग शस्त्रक्रियेचा होता. स्पॅनिशमध्ये नुसते ‘ला ओपेरासिओन’, म्हणजे ‘ऑपरेशन’ म्हटले की तेथे नसबंदीच समजली जाई आणि १९६५ च्या पाहणीत वीस ते एकोणपन्नास वयाच्या मातांपैकी सुमारे एकतृतीयांश जणींची नसबंदी झालेली आढळली. ‘ऑपरेशन’ या शब्दाचा हा अर्थ महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कायमचा मार्ग नको असलेल्या आणि आणखी मूलही नको असलेल्या बाईपुढे गोळी आली, तेव्हा ती तिने उत्सुकतेने घेतली. तिच्या या उत्सुकतेला संमती म्हणणे कठीण आहे, कारण संमतीसाठी जी माहिती लागते ती तिला दिलेलीच नव्हती.

चाचणीची स्थानिक जबाबदारी डॉ. एड्रिस राइस-रे यांच्याकडे होती. त्या पोर्तो रिकोच्या कुटुंबनियोजन संघटनेच्या वैद्यकीय संचालक होत्या आणि गोळीच्या विरोधक मुळीच नव्हत्या. पहिल्या वर्षाअखेर २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून त्यांनी पाठवलेल्या अहवालात दोन गोष्टी होत्या. नीट घेतल्यास गोळी गर्भधारणा पूर्णपणे रोखते, ही पहिली. आणि सुमारे १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, पोटदुखी, उलट्या असे त्रास होतात, त्यामुळे हे औषध सर्वसाधारण वापरासाठी स्वीकारण्याजोगे नाही, ही दुसरी. पिंकस आणि रॉक यांनी पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी मानसिक म्हणून बाजूला ठेवली. पोर्तो रिकोच्या स्त्रिया भावनाप्रधान असतात, त्रास होईल असे आधी सांगितल्यामुळे त्यांना त्रास होतो, असे त्यांचे म्हणणे होते. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी काही स्त्रियांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी, म्हणजे प्लॅसिबो, दिली आणि त्याही स्त्रियांनी मळमळीची तक्रार केल्यावर आपला मुद्दा पक्का झाला असे मानले. प्लॅसिबोची कसोटी शास्त्रीय आहे आणि अपेक्षेनेही मळमळ होऊ शकते हे खरे आहे. परंतु काही तक्रारी अपेक्षेतून येतात यावरून सर्व तक्रारी तशाच आहेत, असा निष्कर्ष निघत नाही. 

गोळीच्या घटकांचा इतिहास पाहिला तर या तक्रारींचे कारण तेव्हाच संशोधकांच्या हातात होते, असे म्हणावे लागते. अमेरिकेच्या सर्ल कंपनीत फ्रँक कोल्टन यांनी तयार केलेले नॉरइथिनोड्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखे रसायन गोळीचा मुख्य भाग होते. सुरुवातीच्या मालात मेस्ट्रॅनॉल नावाच्या इस्ट्रोजेनची थोडी भेसळ राहून गेली होती. ती काढून टाकून शुद्ध गोळी दिली, तेव्हा मळमळ कमी झाली, पण पाळी नसताना मध्येच रक्तस्राव होणे वाढले. तेव्हा जी भेसळ चुकून आली होती, तीच मोजून पुन्हा घालण्यात आली आणि एनोव्हिड या नावाने बाजारात आलेल्या पहिल्या गोळीत ९.८५ मिलिग्रॅम नॉरइथिनोड्रेल व ०.१५ मिलिग्रॅम मेस्ट्रॅनॉल असे प्रमाण ठरले. मात्रा बदलली की त्रासही बदलतो, हे संशोधकांनी स्वतः पाहिले होते. ज्या त्रासाचे स्वरूप औषधाच्या घटकांनुसार पालटते तो त्रास केवळ मनाचा कसा असू शकेल, हा प्रश्न त्या वेळी पुढे आला नाही, कारण उलटीपेक्षा अनियमित रक्तस्रावामुळे बायका गोळी अधिक लवकर सोडतील ही चिंता मोठी होती. राइस-रे यांनी १९५६ च्या अखेरीस बेटावरील काम सोडले आणि त्या मेक्सिकोला गेल्या. बेटाच्या पूर्वेकडील हुमाकाओ या गावी डॉ. ॲडलिन सॅटर्थवेट यांच्याकडे दुसरी चाचणी चालू राहिली. या चाचण्यांच्या काळात तीन स्त्रियांचा मृत्यू झाला. त्यांचे शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे त्या कशाने गेल्या हे कायमचे अज्ञात राहिले.

चाचणीचा निकाल मांडण्याच्या पद्धतीकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे, कारण सोडून गेलेल्या बायका अदृश्य झाल्या त्या याच ठिकाणी. पिंकस यांनी यश मोजताना स्त्रिया मोजल्या नाहीत, पाळीची चक्रे मोजली. १,२७९ चक्रांत गोळी काटेकोरपणे घेतली गेली आणि एकही गर्भ राहिला नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. आकडा मोठा आणि दिलासा देणारा होता. परंतु चक्रांची बेरीज केली की एखादीने तीन महिने गोळी घेऊन उलट्यांमुळे ती सोडली, तरी तिची तीन चक्रे यशाच्या खात्यावर जमा होतात आणि तिचे सोडणे कोठेच दिसत नाही. दहा जणींनी एकेक महिना घेतलेली गोळी आणि एकीने दहा महिने घेतलेली गोळी या दोन्हींचे वजन तेथे सारखेच भरते. दीर्घकाळ घेतल्यानंतर काय होते हे या बेरजेतून कळणे शक्यच नव्हते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६० मध्ये परवानगी दिली तेव्हा त्याच्यासमोर ८९७ स्त्रियांची १०,४२७ चक्रे होती, पण सलग वर्षभर किंवा अधिक काळ गोळी घेतलेल्या स्त्रिया त्यांत केवळ १३२ होत्या, हे काही वर्षांनी सिनेटच्या चौकशीत उघड झाले. कोट्यवधी निरोगी तरुण स्त्रिया वर्षानुवर्षे रोज घेणार होत्या अशा औषधाचा आधार इतका अरुंद होता.

एनोव्हिडला १९५७ मध्ये पाळीच्या विकारांवरचे औषध म्हणून आणि मे १९६० मध्ये गर्भनिरोधक म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली. पाच वर्षांत तेथे गोळी घेणाऱ्या विवाहित स्त्रियांची संख्या काही दशलक्षांवर गेली. नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात सफोकचे डॉक्टर डब्ल्यू. एम. जॉर्डन यांचे पत्र प्रसिद्ध झाले. त्यांनी एनोव्हिड दिलेल्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. नीलेत रक्त गोठून त्याची गुठळी होणे आणि ती वाहत जाऊन फुप्फुसाची रक्तवाहिनी बंद करणे, हा प्रकार प्राणघातक ठरू शकतो. अशा घटना एकामागून एक नोंदल्या जाऊ लागल्या, तेव्हा गरोदरपणातही गुठळ्या होतात, मग गोळीला दोष का, असा युक्तिवाद झाला. प्रश्नाचा निकाल ब्रिटनमध्ये लागला. विल्यम इनमन आणि मार्टिन व्हेसी यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार गुठळीमुळे होणारे मृत्यू वीस ते चौतीस वयाच्या गोळी न घेणाऱ्या स्त्रियांत वर्षाला दर लाखामागे ०.२, तर घेणाऱ्यांत १.५ होते, पस्तीस ते चव्वेचाळीस या वयात हेच प्रमाण ०.५ आणि ३.९ असे होते. धोका थोड्या जणींना होता, पण तो खरा होता आणि वयानुसार वाढत होता. डिसेंबर १९६९ मध्ये तेथील औषध सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक इस्ट्रोजेन असलेली गोळी टाळावी असा सल्ला डॉक्टरांना दिला, कारण गुठळीचा संबंध इस्ट्रोजेनच्या मात्रेशी आढळला होता. एनोव्हिडच्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होते. राइस-रे यांच्या अहवालातील उलट्या आणि चक्कर या तक्रारींचे मूळ बहुतांशी ज्या घटकात होते, त्याच घटकाशी हा धोकाही निगडित होता.

अमेरिकेत ही गोष्ट स्त्रियांपर्यंत पोहोचली ती पत्रकार बार्बरा सीमन यांच्या १९६९ च्या पुस्तकामुळे. ‘द डॉक्टर्स केस अगेन्स्ट द पिल’ या नावाच्या त्या पुस्तकात डॉक्टरांच्या मतांच्या जोडीला गोळी घेतलेल्या स्त्रियांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे अनुभव होते. ते वाचून विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी जानेवारी १९७० मध्ये सिनेटची सुनावणी सुरू केली. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ साक्ष देऊ लागले. गोळी घेणारी एकही स्त्री मात्र साक्षीदारांच्या यादीत नव्हती. वॉशिंग्टनच्या स्त्रीमुक्ती गटातील ॲलिस वुल्फसन आणि त्यांच्या सहकारी श्रोत्यांत बसल्या होत्या. त्यांतल्या काहींचे केस गोळीच्या काळात गळले होते, काहींना औदासीन्य आले होते. दूरचित्रवाणीचे कॅमेरे चालू असताना त्यांनी उभे राहून विचारले की आमच्यापैकी कोणालाच का बोलावले नाही, पुरुषांसाठी गोळी का नाही, आणि कोट्यवधी बायकांना प्रयोगातील उंदरांसारखे का वापरले जात आहे. सुनावणी थांबवावी लागली. याच सुमारास ‘न्यूजवीक’ या साप्ताहिकाने घेतलेल्या पाहणीत गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांनी सांगितले की डॉक्टरांनी आपल्याला धोक्यांची कधीच कल्पना दिली नव्हती. १८ टक्के स्त्रियांनी गोळी सोडली होती आणि आणखी २३ टक्के सोडण्याच्या विचारात होत्या. सुनावणीमुळे घबराट पसरून नको असलेली बाळंतपणे वाढतील, अशी टीका अनेक डॉक्टरांनी केली. ती टीका सर्वस्वी निराधार नव्हती, परंतु दहा वर्षे माहिती दडलेली राहिली आणि मग ती एकदम बाहेर आली, तर घबराटीचा दोष माहितीकडे जात नाही.

या सुनावणीतून जे हाती आले ते कागदाच्या एका लहानशा तुकड्याच्या रूपात आले. औषध प्रशासनाचे आयुक्त चार्ल्स एडवर्ड्स यांनी प्रत्येक पाकिटात स्त्रीला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक घालण्याचा प्रस्ताव मांडला. पहिला मसुदा सुमारे सहाशे शब्दांचा होता. औषध कंपन्या आणि डॉक्टरांच्या संघटना यांचा आक्षेप असा की रुग्णाला काय सांगायचे हा डॉक्टर व रुग्ण यांच्यामधील खाजगी विषय आहे. त्यांच्या दबावाखाली तो मसुदा शंभरेक शब्दांवर आला. त्यात रक्ताच्या गुठळीचा उल्लेख राहिला आणि बाकीचे डॉक्टरांना विचारावे, असे सांगितले गेले. तपशीलवार पत्रक १९७८ मध्ये सक्तीचे झाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाबरोबर रुग्णासाठी लेखी माहिती देण्याची पद्धत आज जगभर रुळली आहे. तोंडाने घेण्याच्या औषधांपुरती तिची सुरुवात याच गोळीपासून झाली. अमेरिकेत ५० मायक्रोग्रॅमहून अधिक इस्ट्रोजेनच्या गोळ्या १९८८ पर्यंत बाजारातून गेल्या आणि आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांत हे प्रमाण २० ते ३५ मायक्रोग्रॅम असते.

मात्रा कमी झाल्याने सर्व प्रश्न मिटले नाहीत. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या समितीने नव्या प्रकारच्या गोळ्यांत गुठळीचा धोका दुप्पट असल्याचा इशारा दिला. मुळात अल्प असलेल्या धोक्याची ही दुपटी म्हणजे नेमके किती, हे नीट न सांगितल्याने हजारो स्त्रियांनी गोळी मध्येच सोडली आणि पुढील वर्षी तेथे गर्भपातांची संख्या वाढली. मनःस्थितीविषयीच्या तक्रारी तर सर्वांत उशिरा ऐकल्या गेल्या. डेन्मार्कमधील दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१६ च्या अभ्यासात संप्रेरक गर्भनिरोधके घेणाऱ्यांत, विशेषतः किशोरवयीन मुलींत, नैराश्याचे निदान व त्यावरची औषधे सुरू होणे अधिक प्रमाणात आढळले. असा संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. पण १९७० मध्ये श्रोत्यांतून उठून ज्या स्त्रियांनी औदासीन्याविषयी सांगितले, त्यांचे म्हणणे एवढ्या मोठ्या प्रमाणावर मोजून पाहण्यास सेहेचाळीस वर्षे लागली. दुसऱ्या बाजूला गोळीने पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव कमी होतो, अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका घटतो आणि नको असलेले, कधी जिवावर बेतणारे बाळंतपण टळते, हेही तितक्याच भक्कम अभ्यासांनी दाखवले आहे. गोळी सोडणारी बाई हे सगळे लाभ नाकारत नसते. आपल्या शरीराला त्याची किंमत किती पडते, ते ती सांगत असते.

महाराष्ट्रात संततिनियमनाची चर्चा गोळीच्या कितीतरी आधीची आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांनी प्रचार केलेली साधने संप्रेरकांची नव्हती. ती शरीराच्या बाहेर किंवा योनीमार्गात वापरायची, काढून ठेवता येणारी होती, आणि ती कशी वापरावीत, काय त्रास होऊ शकतो, हे वाचकांना मोकळेपणाने सांगणे हा त्यांच्या कामाचा गाभा होता. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे वारले, तेव्हा गोळीचे संशोधन नुकतेच सुरू झाले होते. पुढे सरकारी कार्यक्रम आला, पण सांगण्याची ती रीत त्याने उचलली नाही. १९६५ मध्ये ‘लूप’ म्हणजे गर्भाशयात बसवायची प्लॅस्टिकची वेटोळी देशभर उद्दिष्टे ठरवून बसवली गेली; रक्तस्राव आणि पोटदुखीच्या तक्रारी घेऊन परत आलेल्या बायकांकडे पाहायला पुरेसे डॉक्टर नव्हते, आणि काही वर्षांतच लोकांनी लूपकडे पाठ फिरवली. गोळीच्या बाबतीत सरकार सावध राहिले. सुरक्षिततेची व खर्चाची शंका होतीच. शिवाय खेड्यातील निरक्षर बाईला रोज आठवणीने गोळी घेणे जमणार नाही असे मानले गेले. पोर्तो रिकोत जिच्या अशिक्षितपणामुळे चाचणीची जागा ठरली, तिच्याच अशिक्षितपणामुळे भारतात गोळी लांबणीवर पडली. दोन्हीकडे तिला विचारावे असे कोणाला वाटले नाही.

माला-डी ही अल्प दरात आणि माला-एन ही फुकट मिळणारी गोळी गावोगाव पोहोचली ती नंतर. तिच्यात इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम होते, म्हणजे एनोव्हिडच्या मेस्ट्रॅनॉलपेक्षा कितीतरी कमी. पाकिटात संप्रेरकाच्या एकवीस आणि लोहाच्या सात गोळ्या असत, कारण बहुतेक बायकांच्या अंगात रक्त कमी असते हे धरलेलेच होते. पाळणा लांबवण्यासाठी गोळी घेणाऱ्या मराठी बायका तिचा त्रास सांगतात तो ‘गोळ्या गरम पडतात’ या शब्दांत. औषधाला उष्ण किंवा थंड गुण असतो आणि उष्णता वाढली की मध्येच अंगावर जाते, पांढरे जाते, चक्कर येते, अंग उतरते, अशी ही समजूत आहे. मानववंशशास्त्रज्ञ मार्क निख्तर यांनी दक्षिण कर्नाटकात आणि श्रीलंकेत गोळीविषयी अशाच समजुती नोंदल्या आहेत. आरोग्यखात्यात अशा शब्दांना गैरसमज म्हणण्याची सवय आहे. परंतु समजूत बाजूला ठेवून लक्षणे पाहिली, तर मध्येच रक्तस्राव आणि चक्कर ही तीच लक्षणे निघतात जी पोर्तो रिकोच्या चाचण्यांत दिसली होती. ‘दूध आटते’ ही तक्रारही तशीच आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने अंगावरचे दूध कमी होऊ शकते आणि म्हणूनच बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ही गोळी घेऊ नये, असा सल्ला वैद्यक देते. ज्या शब्दाला गैरसमज म्हटले गेले, त्याच्या आत निरीक्षण होते.

सुईच्या रूपातील संप्रेरकांबाबत हा संघर्ष न्यायालयात गेला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील पटनचेरू येथील आरोग्यकेंद्रात नेट-एन या इंजेक्शनच्या चाचणीसाठी आलेल्या गरीब स्त्रियांना ते प्रायोगिक आहे हे सांगितलेच नव्हते, असे हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेला आढळले आणि तिने दिल्लीच्या सहेली व अन्य गटांसह १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मुंबईतील स्त्रियांचे गटही या मोहिमेत होते. हे इंजेक्शन सार्वजनिक कार्यक्रमात आणणार नाही असे सरकारने सांगितल्यावर २००० मध्ये ते प्रकरण मिटले. इंजेक्शन एकदा घेतले की दोन-तीन महिने परत काढता येत नाही. गोळी सोडण्याची जी सोय बाईच्या हातात असते, ती सुईत उरत नाही, हा त्या गटांचा सर्वांत मार्मिक मुद्दा होता. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, स्टेरॉइड संप्रेरक नसलेली आणि सुरुवातीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची ‘सहेली’ गोळी १९९० च्या दशकाच्या आरंभी आली. तीच गोळी ‘छाया’ या नावाने आणि तीन महिन्यांचे डीएमपीए इंजेक्शन ‘अंतरा’ या नावाने आता सरकारी दवाखान्यांत मिळते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आता एक प्रश्न ठरलेला असतो. नसबंदी, तांबी, इंजेक्शन किंवा गोळी वापरणाऱ्या बाईला विचारले जाते की या साधनाने काय त्रास होऊ शकतो हे तुम्हाला कोणी कधी सांगितले होते का. २०१९-२१ च्या पाहणीत देशभरातील सुमारे ६२ टक्के स्त्रियांनी हो म्हटले. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ५० टक्क्यांच्याही खाली होता. हो म्हणणाऱ्यांत कितीजणींनी त्रास झाल्यावर गोळी सोडली आणि त्यांच्या सोडण्याचे कारण कोणत्या शब्दांत लिहून घेतले गेले, हे त्या तक्त्यात येत नाही.